अंक, नाव आणि शेत : निर्देशाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न

एखाद्या वस्तूचा निर्देश करणारी खूण उद्याही त्याच वस्तूचा निर्देश करील, याची हमी कोण देते? तत्त्वज्ञानात हा प्रश्न जुना आहे. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी तो गेल्या काही दशकांत पुन्हा, आणि तत्त्वज्ञांहून अधिक निकडीने, विचारला. आज्ञावलीत एखाद्या वस्तूपर्यंत तीन वाटांनी पोचता येते. ती यादीत कितवी आहे ते सांगावे, ती कशी आहे ते सांगावे, किंवा तिला दिलेला ओळखक्रमांक सांगावा. यादीत मध्येच एक नोंद शिरली की तिसरी वस्तू चौथी होते. वर्णन एकाहून अधिक वस्तूंना लागू पडते, किंवा वस्तू बदलते आणि वर्णन मागे राहते. म्हणून जाणकारांचा सल्ला असा, की वस्तूला क्रमांक द्यावा. त्या क्रमांकाने वस्तूविषयी काहीही सांगू नये. तो एकदाच दिला जावा आणि वस्तू नाहीशी झाली तरी तो दुसरीला दिला जाऊ नये. वरकरणी हा निव्वळ तांत्रिक शहाणपणा आहे. परंतु पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या जमिनीच्या दप्तरांत हाच सल्ला जवळजवळ दोन शतके पाळला जात आला आहे, आणि तेथे जे घडले ते पाहता या प्रश्नाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे असे म्हणावे लागते.

क्रमांक येण्यापूर्वी शेतांना नावे होती. ब्रिटिश अंमलाच्या प्रारंभी पुण्याचे कलेक्टर रॉबर्टसन आणि त्यांच्यामागून दख्खनच्या जमीनधाऱ्यांचा अभ्यास करणारे साइक्स यांना गावोगावी 'थळे' आढळली. थळ म्हणजे गावच्या काळीचा एक मोठा भाग; ज्या मिरासदार घराण्याने तो मुळात धारण केला त्याच्या नावाने तो ओळखला जाई, आणि थळांची यादी म्हणजे थळझाडा. यातील लक्षणीय गोष्ट अशी, की कित्येक थळांची मूळ घराणी कधीच नामशेष झाली होती. त्यांची जमीन 'गतकूळ' झाली, दुसऱ्याकडे गेली, पुन्हा तिसऱ्याकडे गेली. थळाचे नाव मात्र तेच राहिले. 'अमक्यांचे थळ' या शब्दप्रयोगात षष्ठी विभक्ती दिसत होती, पण त्या विभक्तीतला संबंध मेलेला होता. वर्णन म्हणून जन्मलेला शब्द नाव होऊन बसला होता.

भारतीय शब्दविचाराला ही घटना अपरिचित नाही. पतंजलीने शब्दांचे जाती, गुण, क्रिया आणि यदृच्छा असे चार प्रवृत्तिमार्ग सांगितले आणि पुढे मम्मटासारख्या काव्यशास्त्रकारांनी त्यांचा उपयोग केला. 'डित्थ' हे यदृच्छाशब्दाचे परंपरागत उदाहरण. त्या नावामागे कोणताही गुण नाही, कोणतीही क्रिया नाही. ठेवणाऱ्याने ठेवले, एवढेच. थळाचे नाव जातिशब्दाच्या किंवा संबंधवाचक शब्दाच्या वेषात वावरणारे असे 'डित्थ' होते. सॉल क्रिप्कीने १९७० च्या व्याख्यानांत विशेषनामांविषयी जो सिद्धान्त मांडला त्याचाही आशय असाच आहे. नाव वर्णनाच्या बळावर वस्तूपर्यंत पोचत नाही. एका आद्य नामकरणापासून वापराची साखळी हातोहात पुढे येते आणि त्या साखळीच्या आधारे नाव आपल्या वस्तूला धरून राहते. वर्णन खोटे ठरले तरी नाव सुटत नाही. गतकुळाचे थळ हे याचे, क्रिप्कीच्या स्वतःच्या काही उदाहरणांपेक्षाही नेटके, उदाहरण आहे.

१८३५-३६ मध्ये दौंडला लागूनच असलेल्या इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली. त्यापूर्वीचा प्रिंगलचा प्रयत्न फसला होता. नव्या पद्धतीत थळ हे एकक राहिले नाही. शेत हे एकक झाले. तेहतीस फुटांच्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, चारी बाजूंना बांध, कोपऱ्यांवर दगड आणि त्या सगळ्याला एक अंक. ही पद्धत पुढे भीमथडी, शिरूर आणि सबंध मुंबई इलाख्यात पसरली. अंकाचा गुण त्याच्या मुकेपणात होता. धारक कोण, त्याची जात कोणती, त्याचे वडील पाटील होते की उपरी, जमीन काळी की माळाची, यांपैकी काहीही तो बोलत नव्हता. आकार अंकावर बसला. माणूस बदलला तरी अंक बदलला नाही.

अर्थात हा मुकेपणा पूर्ण नव्हता. मोजणीदार शेतामागून शेत घेत गावभर हिंडत असल्यामुळे ४१ च्या शेजारी ४२ असण्याचा संभव मोठा, म्हणजे अंकात स्थान शिल्लक राहिलेच. पुढे वाटण्या झाल्या, ४१/२ आणि मग ४१/२/३ असे हिस्से पडले, आणि अंक चक्क वंशावळ सांगू लागला. डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि ना. वि. कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकचा जो अभ्यास १९२१ मध्ये प्रसिद्ध केला, तो वाचताना जमिनीच्या तुकड्यांमागे भावकीच्या वाटण्या दिसू लागतात. (गावाच्या नावातील 'बुद्रुक' हेही एक ओळखचिन्हच, जातेगाव दोन असल्यामुळे थोरल्याला बुद्रुक आणि धाकट्याला खुर्द म्हणावे लागले. खुद्द शिरूरही महाराष्ट्रात अनेक असल्याने या शिरूरला 'घोडनदी' म्हणण्याची रीत पडली. उलट, इंग्रजी अमदानीत 'धोंड' असे लिहिले जाणारे जंक्शन आज 'दौंड' झाले, तरी रेल्वेच्या दप्तरात त्याचा संकेत 'डीडी' तो 'डीडी'च आहे.)

शेतापेक्षा माणसाचा निर्देश अधिक अवघड ठरला. निरक्षर कुणबी कर्जरोख्यावर सही म्हणून नांगराचे चित्र काढवून घेई. 'निशाणी नांगर' ही मराठी दप्तरांतील सर्वपरिचित खूण आहे. न्यायदर्शनाच्या भाषेत सांगायचे तर ही खूण व्यक्तीचा नव्हे, जातीचा निर्देश करते. गावातील प्रत्येक कुणब्याचा नांगर सारखाच. ती कोणा एकाची व्हावी यासाठी शेजारी लिहिणाऱ्याचे अक्षर आणि साक्षीदारांची नावे लागत, आणि अक्षर बहुधा सावकाराच्या माणसाचे असे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे येथे सावकारावर बहिष्कार पडला, १२ मे १८७५ रोजी त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा झाला आणि तो शिरूर तालुक्यातील गावांत पसरला. दंगेखोरांना हवे होते ते कागद. जेथे सावकाराने खते आणि रोखे मुकाट्याने हवाली केले तेथे बहुधा अंगाला हात लागला नाही. कागद जाळले गेले आणि जमाव पांगला.

कागद जाळल्याने कर्ज कसे फिटेल, असा प्रश्न शहाण्यासुरत्यांनी तेव्हा विचारला असेल. पण चिन्ह आणि चिन्हित यांच्यातील नात्याचे इतके अचूक आकलन क्वचितच कृतीत उतरले असेल. शेत कागदाबाहेर असते. कागद जळला तरी बांध उरतो. कर्जाचे तसे नसते. व्याजावर व्याज चढवून झालेला आकडा कागदाखेरीज कोठेही नव्हता. ज्याची निशाणी त्याला वाचता येत नव्हती, त्याला तो आकडा बदललेला कळणेही शक्य नव्हते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोखे गावच्या नोंदणी कामगारासमोर लिहिण्याची अट घातली. त्या कायद्याचे इतर गुणदोष काहीही असोत, एवढे त्याला कळले होते, की निशाणी आपणहून कोणाचाही निर्देश करत नाही; तिच्यापाशी कोणीतरी उभे राहावे लागते.

शेताच्या बाबतीतही खरेदीखते लिहिणाऱ्यांना हे माहीत असावे. सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, क्षेत्र आणि आकार लिहून झाला की खत थांबत नाही. त्याखाली चतुःसीमा येते. पूर्वेस अमक्याची जमीन, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस तमक्याचा गट, उत्तरेस गाडीवाट. अंक जर निर्दोष निर्देशक असेल तर ही पुनरुक्ती कशासाठी? आणि ती केवळ सवयीची नाही. खतातील क्षेत्र किंवा क्रमांक आणि चतुःसीमा यांत विसंगती निघाली, तर न्यायालये सामान्यतः चतुःसीमेला अधिक वजन देतात, कारण क्रमांक लिहिताना हात चुकतो, पण ओढा कोणत्या बाजूला आहे हे सांगताना सहसा चूक होत नाही. सोस्यूरला आवडावी अशी ही रीत आहे. शेत काय आहे हे चतुःसीमा सांगत नाही. ते कोणाचे नाही, कोठे संपते, एवढेच ती सांगते. आणि हे सांगताना ती चार शेजाऱ्यांची नावे घेते. वर्णनात साक्षीदार असतात, अंकात नसतात.

१९४७ च्या मुंबईच्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर हा भेद कसोटीला लागला. विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडायचे, जुने सर्व्हे नंबर मोडून नवे गट नंबर द्यायचे, आणि प्रत्येकाला शक्यतो सलग जमीन द्यायची, असा हेतू होता. हेतू चांगला होता. पण कागदावर गट बदलले आणि पुष्कळ ठिकाणी माणसे जुन्याच बांधांवर राहिली. कोठे नकाशात एक गट इकडचा तिकडे पडला, कोठे ताबा बदलला आणि नोंद बदलली नाही. समजा, गट २१० एकाच्या नावावर आणि गट २१४ दुसऱ्याच्या नावावर आहे. पण पहिला तीन पिढ्या २१४ कसतो आणि दुसरा २१०. दोघांपैकी कोणीही खोटे बोललेला नाही. पहिल्याने २१४ मध्ये विहीर पाडली, दुसऱ्याच्या आईचे दहन २१० च्या बांधावर झाले. सातबारा उतारा वाचला तर त्यातील प्रत्येक शब्द शुद्ध आहे, आणि तरी उतारा दुसऱ्याच शेताविषयी बोलतो.

आज्ञावलीत दोन प्रकारच्या चुका होतात. क्रमांकाची वस्तूच सापडली नाही, तर यंत्र थांबते आणि ओरडते. क्रमांकाने दुसरीच वस्तू हाती दिली, तर यंत्र थांबत नाही. ते पुढचे सारे काम निर्वेधपणे त्या चुकीच्या वस्तूवर करते. दुसरी चूक पहिलीपेक्षा कितीतरी भयंकर, कारण ती बिनबोभाट असते. अदलाबदल झालेल्या गटांची चूक या दुसऱ्या जातीची आहे. पीककर्ज क्रमांकावर मिळते, पीकविमा क्रमांकावर उतरतो, शेतसारा क्रमांकावर भरला जातो. पन्नास वर्षे सगळे सुरळीत चालते. मग रांजणगाव किंवा कुरकुंभसारखी औद्योगिक वसाहत वाढते, किंवा रस्ता रुंद होतो, आणि भूसंपादनाची नोटीस गट २१० च्या कागदोपत्री धन्याला जाते. ज्याच्या पायाखालची जमीन जाणार, त्याचे नाव तिच्यावर नसते.

येथे निर्देशाच्या दोन उपपत्ती अगदी उघडपणे परस्परांसमोर येतात. क्रिप्कीच्या बाजूने पाहिले तर मोजणी हे नामकरण आहे आणि फेरफारांची साखळी अखंड आहे. २१० हा मोजणीने ज्याला २१० म्हटले त्याच भूखंडाचा निर्देश करतो, तो कसणारा कोणीही असो. परंतु गॅरेथ एव्हान्सने १९७३ मध्ये याच उपपत्तीला एक अडचणीचे उदाहरण दाखवले. 'मादागास्कर' हे नाव मुळात आफ्रिकेच्या मुख्य भूमीच्या एका भागाचे; ते खलाशांकडून ऐकताना मार्को पोलोचा गैरसमज झाला आणि ते बेटाला चिकटले. साखळी तुटलेली नाही, कोणी नवे नामकरण केलेले नाही, तरी आज ते नाव बेटाचेच आहे. एव्हान्सचे उत्तर असे, की नावाशी निगडित ज्ञानाचा मुख्य स्रोत कोणती वस्तू आहे हे पाहावे. पिढ्यान् पिढ्या ज्या जमिनीशी माणसाचा व्यवहार झाला, तीच त्याच्या 'माझ्या शेता'ची निर्देश्य.

एव्हान्सचे उदाहरण निरुपद्रवी आहे, कारण मुख्य भूमीवरील त्या भागाने आपले नाव गेल्याची तक्रार केली नाही. शेतांच्या बाबतीत दोन्ही उपपत्तींमागे माणसे उभी असतात. म्हणूनच २०२३ च्या जानेवारीत महाराष्ट्र शासनाने आणलेली 'सलोखा' योजना तात्त्विक दृष्ट्या वाचनीय आहे. एकमेकांची जमीन किमान १२ वर्षे परस्परांच्या ताब्यात असेल, तर अदलाबदलीच्या दस्तावर मुद्रांक आणि नोंदणी शुल्क प्रत्येकी १००० रुपये, एवढेच नाममात्र आकारावे, अशी ही सवलत. योजना कोणती उपपत्ती खरी हे ठरवत नाही. मोजणीचे नामकरण ती मान्य करते, म्हणून तर अदलाबदलीचा दस्त हवा. दीर्घ व्यवहारही मान्य करते, म्हणून १२ वर्षांची अट. या दोहोंमध्ये ती एक गोष्ट घालते जी क्रिप्कीत नाही आणि एव्हान्समध्येही नाही, ती म्हणजे दोघांची संमती. आणि पंचनाम्यावर शेजारच्या गटधारकांच्या सह्या. चतुःसीमा येथे पुन्हा परत येते.

यावरून वर्णन चांगले आणि अंक वाईट, साक्ष सजीव आणि दप्तर निर्जीव, असा निष्कर्ष काढण्याचा मोह समीक्षकांना होईल. मौखिकतेच्या कैवारात तो अनेकदा झालेलाही आहे. तो आवरला पाहिजे. साक्ष देण्यासाठी आवाज लागतो, आणि गावात तो सर्वांना सारखा नसतो. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये झाला आणि महार वतनाच्या जमिनींचे पुनःप्रदान सुरू झाले. त्यानंतर 'ती जमीन कोणाची हे सगळ्या गावाला ठाऊक आहे' या वाक्याचा उपयोग कोणाच्या विरुद्ध होऊ शकतो, हे वेगळे सांगायला नको. जेथे चारही शेजारी एका बाजूला आणि धारक एकटा, तेथे चतुःसीमा म्हणजे वेढा होतो. अशा वेळी मुका अंक हाच एकमेव साक्षीदार असतो. तो कोणाची भीड धरत नाही, कारण त्याला कोणी ठाऊकच नाही. त्याचा अन्याय ज्यातून निघतो त्याच मुकेपणातून त्याचा न्यायही निघतो.

अलीकडे यावर एक उतारा सुचवला जातो. २०२१ पासून केंद्र सरकारने प्रत्येक भूखंडाला १४ वर्णांचा 'भू-आधार' क्रमांक देण्याचे योजले आहे. तो अनन्य असणार आहे आणि भूखंडाच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवर आधारलेला असणार आहे. म्हणजे या अंकात पुन्हा स्थान शिरले; पहिल्या वाटेचा त्याग करून तिसरी धरलेल्या माणसाने वळसा घालून पहिलीवर यावे, तसे. ज्या प्रदेशात जमीन जागच्या जागी राहते तेथे याला हरकत नाही. भीमा, घोड आणि मुळा-मुठा यांच्या काठी ती तशी राहतेच असे नाही. पुराने काठ खचतो, मळई पलीकडे साचते. अक्षांश-रेखांश तेथेच राहतात आणि त्यांच्यावर पाणी वाहते. उजनीचा जलाशय दौंड तालुक्याच्या पूर्व कडेपर्यंत पोचला, तेव्हा गावांची नावे पुनर्वसित वसाहतींबरोबर वर सरकली आणि शेते खाली राहिली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुने बांध दिसू लागतात, गाळात पेरणीही होते. त्या पिकाचा निर्देश कोणत्या क्रमांकाने करावा, हा प्रश्न कोणत्याही आज्ञावलीला अवघड जावा असाच आहे.

आणि क्रमांकाच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतोच. २०२५ मध्ये महसूल विभागाने 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे, हा तिचा उद्देश. नावाला मेलेल्या माणसाचा निर्देश करता येतो, नाहीतर इतिहासच लिहिता आला नसता. हक्काला मात्र तो करता येत नाही. पुष्कळ उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावाआधी 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे असत, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या तीन अक्षरांत धाकटे भाऊ सामावलेले असत. पुढच्या फेरफारात ती अक्षरे गळाली की भाऊ गळाले. बहिणी तर बऱ्याचदा अक्षरांतही नव्हत्या. अशी एखादी बहीण वारसनोंदीसाठी ग्राममहसूल अधिकाऱ्याकडे जाते तेव्हा तिला गट नंबर ठाऊक नसतो. 'विहिरीच्या खालचं, चिंचेपासून ओढ्यापर्यंत', असे ती सांगते. चिंच तोडली गेली असेल, विहीर बुजली असेल, ओढ्याला बंधारा पडला असेल. तिच्या वर्णनाला आता निर्देश्य उरलेले नाही असे म्हणून तिला परत पाठवणे तर्काच्या एका पद्धतीत बसते. गावात अजून एखादा माणूस असतो, ज्याला ती चिंच कोठे होती हे आठवते. त्याला बोलावून घ्यायचे की नाही, हे टेबलापलीकडच्या माणसाने ठरवायचे असते.